विद्याभ्यास आणि वजननियंत्रण : विद्यापीठीय जीवनातील एका प्रश्नाचा इतिहास (१८६१ ते २०२१)

प्रस्तावना :

शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांची स्थापना, अभ्यासक्रम, परीक्षापद्धती, शिष्यवृत्त्या आणि विद्यार्थी चळवळी यांचा विचार विपुल प्रमाणात झालेला आहे. परंतु ज्या देहाने विद्यार्थी वर्गात बसतो, रात्री जागतो आणि परीक्षा देतो, त्या देहाच्या पोषणाचा विचार मात्र या इतिहासात अभावानेच आढळतो. आज महाविद्यालयीन तरुण-तरुणींमध्ये वजन कमी करण्याची इच्छा सार्वत्रिक झालेली दिसते. कोणी सकाळचा नाश्ता सोडतो, कोणी रात्रीचे जेवण टाळतो, तर कोणी परीक्षा संपेपर्यंत सर्व संकल्प पुढे ढकलतो. अध्ययनाची मागणी आणि आरोग्यपूर्ण रीतीने वजन घटविण्याची मागणी या दोन्ही एकाच दिनक्रमात कशा बसवाव्यात, हा प्रश्न वैयक्तिक मानला जातो. वस्तुतः त्याला सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

या इतिहासाची सर्वांत समृद्ध साधने अमेरिकेतील विद्यापीठांत उपलब्ध आहेत. विद्यार्थ्यांचे वजन पद्धतशीरपणे मोजणे, विचार करताना खर्च होणारी ऊर्जा मोजणे आणि उपासमारीचा मनावर होणारा परिणाम तपासणे ही तिन्ही कामे तेथे घडली. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम अमेरिकी अनुभवाचा कालानुक्रमे परामर्श घेतला असून, त्यानंतर महाराष्ट्रातील परिस्थितीशी त्याचा संबंध तपासला आहे. अध्ययनाला जादा अन्नाची गरज नसते, पण तीव्र अन्नतुटवडा अध्ययनाला सोसत नाही. आणि या दोन मर्यादांमधील समतोल साधणे हे एकट्या विद्यार्थ्याच्या निग्रहापेक्षा संस्थेच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. अभ्यासाने देह खंगतो काय? :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्याच्या वजनाविषयीची चिंता आजच्या अगदी उलट होती. अतिअभ्यासाने शरीर खंगते, ही त्या काळातील सर्वमान्य समजूत होती. या चिंतेतूनच अमेरिकेतील ॲमहर्स्ट महाविद्यालयात आरोग्यशास्त्र व शारीरिक शिक्षण यांचे स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण झाले. १८६१ मध्ये त्या पदावर आलेल्या एडवर्ड हिचकॉक यांनी विद्यार्थ्यांची उंची, वजन, छातीचा घेर इत्यादी मापे नियमितपणे नोंदविण्याचा प्रघात पाडला. पुढे हार्वर्ड विद्यापीठात डडली सार्जंट यांनी हेच कार्य अधिक विस्ताराने केले. विद्यार्थ्याचे वजन हा शैक्षणिक संस्थेच्या नोंदवहीतील विषय होण्याची ही सुरुवात होय.

स्त्रीशिक्षणाच्या वादात या मोजमापाला विलक्षण महत्त्व प्राप्त झाले. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्वी प्राध्यापक असलेले डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये बॉस्टन येथून एक पुस्तक प्रसिद्ध केले. शरीराजवळील शक्तीचा साठा मर्यादित असतो. तरुण मुलीने ती शक्ती अभ्यासात खर्च केली तर तिची प्रजननसंस्था दुर्बळ होते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या समर्थनार्थ त्यांनी मोजक्या रुग्ण मुलींची उदाहरणे दिली होती. पुढच्याच वर्षी ज्युलिया वॉर्ड हॉव यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहातून त्यांना सडेतोड उत्तर मिळाले. त्यानंतर पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने ७०५ पदवीधर स्त्रियांच्या आरोग्याची माहिती संकलित केली आणि ती १८८५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांचे आरोग्य उत्तम असल्याचे त्यातून दिसून आले.

या पार्श्वभूमीवर व्हासार, स्मिथ, वेलस्ली यांसारख्या महिला महाविद्यालयांतील विद्यार्थिनींना वाढलेले वजन अभिमानास्पद वाटत असे. महाविद्यालयात आल्यावर आपले वजन किती पौंडांनी वाढले, हे त्या घरी लिहिलेल्या पत्रांतून आनंदाने कळवीत. रात्री खोलीत जमून केलेले खाणेपिणे हा वसतिगृह-जीवनाचा लाडका भाग होता; ‘फज’ हा गोड पदार्थ लोकप्रिय होण्यात या महाविद्यालयांचा मोठा वाटा आहे. उच्च शिक्षणाने मुलगी आजारी पडत नाही, हे सिद्ध करणारा पुरावा म्हणून त्या काळी वजनकाट्याकडे पाहिले जात होते.

या वादाच्या ऐन भरात एक मराठी विद्यार्थिनी अमेरिकेत शिकत होती. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. परक्या देशातील कडक थंडी, शाकाहारी आणि सवयीच्या अन्नाची अडचण, निवासाची गैरसोय आणि वैद्यकीय अभ्यासाचा ताण हे सर्व त्यांना एकाच वेळी सोसावे लागले. १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे क्षयरोगाने निधन झाले. आनंदीबाईंचा देह अभ्यासाने खंगला, असा निष्कर्ष काढणे क्लार्क यांच्या चुकीची पुनरावृत्ती ठरेल. परंतु विद्यार्थ्याच्या आहाराची व निवासाची सोय ही अध्ययनाची पूर्वअट असते, हे मात्र त्यांच्या चरित्रातून ठळकपणे दिसते.

तत्कालीन महाराष्ट्रातही हीच चिंता होती. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर अकाली का मृत्यू पावतात, या प्रश्नाची चर्चा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० च्या दशकात केली. त्यापूर्वी डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक यांनी आपल्या दुर्बळ प्रकृतीवर स्वतःपुरता तोडगा शोधला होता. महाविद्यालयातील पहिले वर्ष त्यांनी प्रामुख्याने व्यायाम, कुस्ती व पोहणे यांत घालविले आणि अभ्यास मागे ठेवला. टिळकांच्या चरित्रातील हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. मात्र शरीर कमवायचे असेल तर एक शैक्षणिक वर्ष खर्ची घालावे लागते, म्हणजेच विद्यापीठाच्या दिनक्रमात देहाला जागा नाही, हा त्याचा दुसरा अर्थ सहसा लक्षात घेतला जात नाही.

२. विचाराला किती अन्न लागते? :

अभ्यास करणाऱ्याला जास्त अन्न लागते, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते. परीक्षेच्या काळात मुलाला तूप, बदाम आणि दूध अधिक देण्यामागे हीच श्रद्धा असते. या समजुतीची प्रयोगशाळेत परीक्षा झाली ती अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात. तेथे विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० च्या दशकात माणूस आत राहू शकेल असा उष्मामापक कक्ष उभारला. त्या कक्षात राहणाऱ्या व्यक्तीने किती उष्णता बाहेर टाकली आणि किती प्राणवायू वापरला, हे अचूक मोजता येत असे. उष्मांक ही संज्ञा सर्वसामान्य आहारचर्चेत येण्यास ॲटवॉटर यांचे कार्य मुख्यतः कारणीभूत ठरले.

पुढे फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि थॉर्न कारपेंटर यांनी या कक्षात विद्यार्थ्यांना बसवून त्यांची खरीखुरी परीक्षा घेतली. त्याच विद्यार्थ्यांना दुसऱ्या वेळी केवळ मजकूर उतरवून काढण्याचे काम दिले. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही प्रसंगी खर्च झालेल्या ऊर्जेत उल्लेखनीय फरक आढळला नाही. १९३० च्या सुमारास बेनेडिक्ट यांनी मानसिक श्रमांवर पुन्हा प्रयोग केले. तासभर एकाग्रतेने केलेल्या आकडेमोडीला लागणारी जादा ऊर्जा अर्ध्या खारवलेल्या शेंगदाण्यातून मिळू शकते, असा त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे. मेंदू शरीराच्या वजनाचा केवळ दोन टक्के भाग असूनही विश्रांतीच्या अवस्थेत शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. परंतु विचार केल्याने हा वापर फारसा वाढत नाही, हे आज सर्वमान्य आहे.

या संशोधनाचे दोन अर्थ निघतात. अभ्यासामुळे वजन आपोआप घटत नाही, हा पहिला. आणि अभ्यासाच्या नावाखाली जादा खाण्याला शास्त्रीय आधार नाही, हा दुसरा. बैठ्या अध्ययनाचे दीर्घ तास आणि त्याच्या जोडीला वाढलेले खाणे यांतून वजन का वाढते, याचे उत्तर या प्रयोगांत होते. मात्र या प्रयोगांतील विद्यार्थी पोटभर जेवलेले होते. अन्न कमी पडल्यास बुद्धीचे काय होते, हा प्रश्न त्यांनी हाताळला नव्हता.

३. वजनवाढीच्या अभिमानाकडून वजनघटीच्या ध्यासाकडे :

पहिल्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने पालटले. डॉ. लुलू हंट पीटर्स यांचे आहार व उष्मांक यांवरील पुस्तक १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अन्नाकडे उष्मांकांच्या आकड्यांतून पाहण्याची सवय सुशिक्षित स्त्रीवर्गात रुजली. सडपातळ बांध्याची फॅशन, तयार कपड्यांची ठरावीक मापे आणि चित्रपट यांचा प्रभाव त्याच वेळी वाढत होता. ज्या स्मिथ महाविद्यालयातील विद्यार्थिनी एके काळी वाढलेले वजन मोठ्या आनंदाने घरी कळवीत, त्याच महाविद्यालयात १९२० च्या दशकात विद्यार्थिनी जेवण टाळू लागल्या.

येथे १९२४ ची एक घटना उल्लेखनीय आहे. स्मिथ महाविद्यालयाच्या विद्यार्थी-साप्ताहिकात काही विद्यार्थिनींनीच एक पत्र प्रसिद्ध करून कठोर आहारनियंत्रणाविरुद्ध इशारा दिला. ही लाट वेळीच थोपविली नाही तर महाविद्यालयाची ओळख सुडौल बांध्याऐवजी ओढलेले चेहरे आणि निस्तेज डोळे यांच्यामुळे होईल, असा त्या पत्राचा आशय होता. अध्ययन आणि वजनघट यांतील संघर्षाची विद्यार्थ्यांनी स्वतःहून केलेली ही एक आरंभीची नोंद मानता येईल. अर्ध्या शतकात प्रश्न पूर्णपणे उलटला होता. क्लार्क यांना अभ्यासामुळे देह खंगण्याची भीती वाटत होती, तर या विद्यार्थिनींना देह मुद्दाम खंगविल्यामुळे अभ्यास बुडण्याची.

४. मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोग (१९४४–४५) :

ही भीती कितपत खरी होती, याचे उत्तर एका वेगळ्याच कारणासाठी झालेल्या प्रयोगातून मिळाले. दुसऱ्या महायुद्धात युरोपमध्ये उपासमार पसरली होती आणि उपाशी लोकांना पुन्हा कसे पोसावे, याचे शास्त्र उपलब्ध नव्हते. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी यासाठी ३६ तरुणांची निवड केली. सदसद्विवेकबुद्धीला अनुसरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने प्रयोगात सहभागी झाले होते. विद्यापीठाच्या क्रीडागाराखालील प्रयोगशाळेत त्यांची राहण्याची सोय करण्यात आली होती.

नोव्हेंबर १९४४ पासून प्रथम बारा आठवडे त्यांना पुरेसा आहार देण्यात आला. त्यानंतर चोवीस आठवडे बटाटे, सलगम, गव्हाळ पाव, मॅकरोनी असा युरोपातील दुष्काळी आहार दिवसातून दोन वेळा आणि सुमारे निम्म्या उष्मांकांचा देण्यात आला. दर आठवड्याला २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, चालणे बंधनकारक होते. त्यांचे सरासरी वजन ६९ किलोंच्या आसपास होते. ते सुमारे ५३ किलोंवर आले.

शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने या प्रयोगाचा एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. हे तरुण सुशिक्षित होते आणि युद्धोत्तर मदतकार्याची तयारी म्हणून परकीय भाषा व अन्य विषय शिकत होते. विद्यापीठाचे वर्गही त्यांना खुले होते. आरंभी त्यांनी उत्साहाने वर्गांना हजेरी लावली. परंतु वजन घटत गेले तसतशी त्यांची हजेरी कमी होत गेली आणि बहुतेकांचे शिक्षण मागे पडले. चित्त एकाग्र होत नाही, वाचलेले मनात ठरत नाही, अशा तक्रारी ते करू लागले. त्यांचे बोलणे, वाचन आणि स्वप्ने अन्नाभोवती फिरू लागली. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता असे तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. विनोदबुद्धी लोपली, चिडचिड वाढली आणि मित्रांची संगत नकोशी झाली.

याहून लक्षणीय बाब अशी की, बुद्धिमापनाच्या प्रमाणित चाचण्यांत त्यांची कामगिरी जवळपास पूर्वीसारखीच राहिली. बुद्धी शाबूत होती. ती अभ्यासाला लावण्याची इच्छा आणि सातत्य संपले होते. उपाशी विद्यार्थी एखादा प्रश्न सोडवू शकतो, पण सहामाही अभ्यासक्रम निभावू शकत नाही, असा याचा अर्थ होतो. १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून आणखी एक बाब पुढे आली. बंधने उठल्यावर अनेकांनी अनावर खाल्ले, आणि त्यांच्या शरीरात स्नायूंपेक्षा चरबी अधिक वेगाने परतली.

या प्रयोगातील तरुण स्थूल नव्हते आणि त्यांची वजनघट अतितीव्र होती. म्हणून तो स्थूल विद्यार्थ्याच्या मर्यादित वजनघटीला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तथापि त्याचा रोख पुढील संशोधनाने पुष्ट केला. १९९० च्या दशकात ब्रिटनमधील मायकेल ग्रीन व पीटर रॉजर्स या संशोधकांनी आहारनियंत्रण करणाऱ्या सामान्य स्त्रियांचा अभ्यास केला. अन्न आणि शरीर यांविषयीच्या सततच्या विचारांनी मनाची कार्यकारी स्मृती व्यापली जाते आणि त्यामुळे चाचण्यांतील कामगिरी खालावते, असे त्यांना आढळले. वजन घटविण्याची अध्ययनाला मोजावी लागणारी किंमत पोटापेक्षा लक्षाच्या रूपाने अधिक वसूल होते, हे यावरून स्पष्ट होते.

५. ‘पहिल्या वर्षाचे पंधरा पौंड’ :

१९८० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांत एक नवी म्हण रूढ झाली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याचे वजन पंधरा पौंडांनी, म्हणजे जवळपास सात किलोंनी वाढते, असे त्यातून सुचविले जाई. १९८९ मध्ये तरुणींच्या एका लोकप्रिय मासिकाने ही म्हण मुखपृष्ठावर आणली आणि ती सर्वदूर पसरली. नव्याने घर सोडलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात पहिल्या दिवसापासून भीती निर्माण करण्याचे काम या म्हणीने केले. याच सुमारास अतिखादाडी आणि नंतर ओकारी काढणे या विकाराची वैद्यकीय चर्चा वाढली होती. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले होते.

प्रत्यक्ष संशोधनाने या म्हणीला दुजोरा दिला नाही. २०११ मध्ये झगोर्स्की व स्मिथ यांनी अमेरिकेतील राष्ट्रव्यापी माहितीच्या आधारे दाखवून दिले की, पहिल्या वर्षातील सरासरी वाढ अडीच ते साडेतीन पौंड इतकीच असते आणि पंधरा पौंड वाढणारे विद्यार्थी दहा टक्क्यांहून कमी असतात. महाविद्यालयात न गेलेल्या समवयस्कांचे वजनही याच काळात वाढते. दोहोंतील फरक सुमारे अर्ध्या पौंडाचा होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ही सरासरी वाढ १.३६ किलो आढळली. वाढ खरी आहे. तिचा बागुलबुवा मात्र खोटा आहे. एवढ्या वाढीला उपासाने उत्तर देण्याची गरज नसते.

६. परीक्षा, जागरण आणि वजन :

विद्यार्थ्याच्या वजनाशी थेट निगडित असलेला आणखी एक घटक एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आला, तो म्हणजे झोप. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठातील कॅरीन स्पीगेल, ईव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. दोन रात्री केवळ चार तास झोप दिली असता तृप्तीची जाणीव देणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचे प्रमाण १८ टक्क्यांनी घटले, भूक वाढविणाऱ्या घ्रेलिनचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढले आणि गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची ओढ बळावली. परीक्षेच्या आदल्या रात्री भज्यांची किंवा बिस्किटांची आठवण का होते, याचे उत्तर केवळ मनोनिग्रहाच्या अभावात शोधता येत नाही.

२०१० मध्ये त्याच विद्यापीठात झालेला दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. कमी उष्मांकांचा आहार घेणाऱ्या दहा जादा वजनाच्या व्यक्तींना चौदा दिवस एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपेची संधी देण्यात आली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच घटले. परंतु कमी झोपेच्या काळात चरबीची घट ५५ टक्क्यांनी कमी आणि स्नायूंसह इतर चरबीविरहित भागाची घट ६० टक्क्यांनी अधिक झाली. जागरण करून अभ्यास आणि उपाशी राहून वजनघट ही दोन्ही साधल्याचा भास विद्यार्थ्याला होतो. काट्यावर आकडा उतरतो, पण जे टिकवायचे तेच तो गमावत असतो.

७. महाराष्ट्रातील संदर्भ :

महाराष्ट्रात विद्यार्थ्याच्या आहाराचा इतिहास प्रामुख्याने अन्न मिळविण्याचा इतिहास आहे. पुण्यासारख्या शहरात शिकण्यास आलेला गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्यातील सात दिवस सात घरी जेवून, शिक्षण घेत असे. ही सोय प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती. इतर समाजांतील मुलांसाठी अन्नाचा प्रश्न वसतिगृहांनी सोडविला. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तेथील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, विकल्याची हकीकत सर्वपरिचित आहे. विद्यार्थ्याचे ताट ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व महाराष्ट्रात अशा रीतीने कृतीतून प्रस्थापित झाले होते.

आज त्या ताटासमोरील प्रश्न दुहेरी झाला आहे. २०१९–२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या वा स्थूल होत्या. एकाच वर्गात, एकाच बाकावर हे दोन्ही प्रश्न शेजारी बसलेले असू शकतात. सर्वांना सरसकट वजन घटविण्याचा उपदेश करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

वजनाचा आकडाही आपल्याकडे पुरेसा विश्वासार्ह नाही. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये मिनेसोटा प्रयोगाचे प्रवर्तक कीज यांनीच दिले. लोकसमूहाच्या अभ्यासासाठी उपयुक्त असलेल्या या निर्देशांकाची मर्यादा पुण्यातून जगासमोर आली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ मध्ये दोघांच्या छायाचित्रासह ही तुलना प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध राहण्याची शिफारस केली. बारीक दिसणारा परंतु हालचाल नसलेला विद्यार्थी निर्धास्त राहू शकत नाही. तसेच केवळ काट्यावरील आकडा उतरविणे हे आरोग्याचे लक्षण मानता येत नाही.

८. निष्कर्ष :

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, वजन आणि अध्ययन यांच्या संबंधाविषयीची प्रत्येक काळातील भीती त्या काळच्या सामाजिक अपेक्षांतून घडलेली होती. १८७३ मध्ये बारीक मुलगी चिंतेचा विषय होती, १९८९ मध्ये जाड मुलगी. शास्त्राने दोन्ही वेळा त्या भीतीतील अतिशयोक्ती उघड केली.

दुसरी बाब अशी की, बौद्धिक श्रमाला जादा अन्नाची गरज नसली तरी तीव्र उपासमारीत अध्ययनाचे सातत्य टिकत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९८ च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला एक ते दोन पौंड, म्हणजे सुमारे अर्धा ते एक किलो, इतक्या संथ वजनघटीची शिफारस केली. ज्या विद्यार्थ्याला खरोखर वजन घटविण्याची गरज आहे, त्याच्यासाठी या मर्यादेचा खालचा भागच सत्राच्या दिनक्रमाशी जुळणारा आहे. परीक्षेच्या आठवड्यांत वजन केवळ स्थिर राखणे, हाही समतोलाचाच भाग मानावा लागेल.

तिसरी आणि प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब व्यवस्थेची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१८ मध्ये महाविद्यालयांच्या परिसरात जंक फूडच्या विक्रीस मनाई करण्याच्या सूचना दिल्या. मनाई आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. सकाळी सातच्या तासिकेसाठी पहाटेची एस. टी. पकडून उपाशीपोटी येणाऱ्या आणि दुपारी दोनपर्यंत सलग तासिका असणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ वडापाव नाकारून त्याचे आरोग्य सुधारत नाही. त्याच्या वेळापत्रकात जेवणाची सुट्टी, उपाहारगृहात माफक दरात पोळी-भाजी, उसळ, ताक यांची सोय, वसतिगृहाच्या मेसमध्ये रात्री वेळेवर जेवण आणि मैदानासाठी राखून ठेवलेला तास या गोष्टी हव्यात. अंतर्गत परीक्षा, प्रकल्प आणि सादरीकरणे एकाच आठवड्यात कोंबली गेली तर विद्यार्थी सर्वप्रथम झोपेवर आणि जेवणावरच काट मारतो. त्या वेळापत्रकाचे अधिकार विद्यार्थ्याच्या हाती नसून विभागाच्या हाती असतात.

हजेरी घसरलेला, अचानक बारीक झालेला आणि वर्गात गप्प बसणारा विद्यार्थी प्राध्यापकाच्या नजरेसमोर रोज असतो. मिनेसोटातील तरुणांत दिसलेली लक्षणे याहून वेगळी नव्हती. अशा विद्यार्थ्याच्या सुकलेल्या चेहऱ्याचे कौतुक करण्याऐवजी त्याने सकाळपासून काय खाल्ले आहे, याची आपुलकीने चौकशी होणे आणि गरज भासल्यास त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे पाठविणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील वसतिगृह चळवळीने एका पिढीला पोटभर अन्न देऊन शिकविले. आजच्या पिढीला योग्य वेळी, योग्य तेवढे आणि निश्चिंत मनाने जेवता येईल अशी व्यवस्था उभारणे, हे त्याच परंपरेचे पुढील काम होय.